खुंटीपासून चाळीस मीटर

९ नोव्हेंबर, शनिवार

ठरलं एकदाचं! घर बांधायचं. अठ्ठावीस वर्षं ज्या जागेवर फक्त गवत आणि बाबांच्या गप्पा उगवत होत्या, तिथे घर. आणि आराखडा करणार मी. घरातली आर्किटेक्ट ही घरातल्या डॉक्टरसारखी असते – सल्ला फुकट, म्हणून कोणी घेत नाही.

सकाळी दादाकडे बैठक झाली. दादाची मागणी : दोन मजले, वर गच्ची, समुद्राकडे सगळी काच. "ऑफिसात सगळ्यांना सांगून बसलोय मी!" म्हणजे घर आम्हाला नाही, दादाच्या ऑफिसला बांधायचंय. वहिनीची एकच अट – "ओट्यावर वाळू येता कामा नये. बाकी तुम्ही राजवाडा बांधा नाहीतर तंबू ठोका."

शेवटी बाबा म्हणाले, "मला एक खोली. पलंगावर पडल्या पडल्या समुद्र दिसला पाहिजे. तुमच्या आईची मागणी होती ती. आता माझी." आणि उठता उठता, "जरा लवकर कर गं पट्टी. एक्याऐंशीच्या माणसाला सावकाश म्हणू नये."

पट्टी म्हणजे मी. लहानपणी त्यांच्या मोजपट्टीसारखी सरळसोट होते म्हणून. आता सरळही नाही आणि सोटही नाही, पण नाव चिकटलंय.

१० नोव्हेंबर, रविवार

बाबांना घेऊन जागेवर गेले. रस्त्याकडून समुद्राकडे लांबट पट्टा, शेवटी मातीचा कडा, खाली वाळू आणि पाणी. झाडं मोजून सात, सगळी वाऱ्याने एकाच बाजूला विंचरलेली.

टेप धरला. बाबा चाळीस वर्षं मोजणी खात्यात होते. त्यांच्या देखत टेप ढिला पडला तर अजून ओरडतात. लाल डोक्याच्या लोखंडी खुंटीपासून कड्यापर्यंत – चाळीस मीटर. बाबांनी खिशातली वही काढून तारीख घातली, आकडा लिहिला. दरवर्षी नोव्हेंबरात लिहितात. मी मागची पानं चाळली. चाळीस, चाळीस, चाळीस. माझं लग्न सात वर्षं टिकलं नाही, आणि हा मातीचा कडा बघा!

खुंटीचं डोकं ताजं ठेचलेलं होतं. मागच्या आठवड्यात बाबा एकटेच एसटीने इथे येऊन गेले – वहिनीला "बँकेत जातो" सांगून. "खुंटी घट्ट केली," म्हणाले. या वयात!

खाली जाळी दुरुस्त करणारा म्हातारा भेटला. बाबा त्याला जाळेवाले म्हणतात, तो बाबांना "खुंटीवाले". त्याच्या तक्रारींची यादी : मासे कमी झाले, डिझेल महागलं, पोरं शहरात गेली, मोबाइलच्या टॉवरमुळे डोकं दुखतं, आणि वर ती भिंत झाल्यापासून बोट ओढायला वाळू उरली नाही. "पाणी तिथे धडकतं ते जातं कुठे? आम्हाला भेटायला येतं!" मी हसले. ती भिंत माझीच आहे हे काही बोलले नाही. टॉवरच्या आणि डिझेलच्या मधे उगाच माझी वर्णी कशाला?

किनाऱ्याने अर्धा किलोमीटर वर गेलं की साबणवाल्याचा बंगला. त्याला संगमरवरी खांब हवे होते, कारंजं हवं होतं, दारात दोन सिंह हवे होते. सगळं दिलं. घर अगदी साबणाच्या जाहिरातीसारखं झालंय. पण समुद्राच्या अंगाला काळ्या दगडाची जी वळणदार भिंत घातली ना – ती मात्र माझी. तिला बक्षीस मिळालं. त्याची पितळी पाटी बाबांच्या खोलीत टीव्हीवर असते. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात... दाखवायचे. हल्ली दाखवत नाहीत. बरंच झालं. कुरियरवाल्याला दाखवलेली मी पाहिलीये.

२४ नोव्हेंबर, रविवार

तीन रविवार नुसती जागेवर बसले. कागद उघडला नाही. साबणवाल्याचं घर एका दुपारी काढलं होतं. तिथे जागा बघायची गरजच नव्हती, ते घर वाळवंटातही तितकंच वाईट दिसलं असतं.

इथे झाडांनीच छपराचा उतार काढून ठेवलाय. मी फक्त कोन मोजला – बावीस अंश. छप्पर त्याच उताराचं, समुद्राकडे खाली वाकलेलं, म्हणजे वारा अडखळणार नाही, वरून निघून जाईल. उंची सर्वांत बुटक्या झाडापेक्षा हातभर कमी. काच जवळजवळ नाही. वाऱ्याच्या अंगाला जाड भिंत आणि तिच्यात एकच खिडकी – जमिनीपासून दोन फुटांवर, पलंगाच्या उंचीला. मागे घराच्या आडोशाला अंगण, स्वयंपाकघर तिकडे तोंड करून. वहिनीचा ओटा सुरक्षित. त्यामागे विहीर, गाडी, शोषखड्डा. खुंटीवर घराची समोरची भिंत. खुंटीपासून रस्ता बासष्ट मीटर, त्यात सगळं ऐसपैस बसतं.

बासष्ट हा आकडा बाबांच्या नकाशातला. तो मी मोजला नाही. आमच्या घरात बाबांचा आकडा कोणी पुन्हा मोजत नाही. देव आहे की नाही यावर वाद होतात, बाबांच्या टेपवर नाही.

१ डिसेंबर, रविवार

आराखडा दाखवला. दादा बराच वेळ कागद उलटासुलटा करत होता.

"घर कुठाय?"

"हेच."

"हे? हे तर लपून बसलंय!"

"समुद्रासमोर छाती काढून उभं राहायचं नसतं, दादा."

"तू साबणवाल्याला दोन मजले दिलेस. भावाला द्यायची वेळ आली की निसर्ग आठवतो!"

वहिनीने ओटा बघितला, "मला पसंत," म्हणून भाजी चिरायला गेली. त्या घरात एकच माणूस वेळेची किंमत जाणतं.

बाबांनी भिंग काढलं. खिडकीवर धरलं. "उशी किती जाडीची धरलीस?" मी खरंच धरली होती – चार इंच. बाबा हसले. आई गेल्यापासून असं हसलेले मी पाहिले नव्हते.

आई अकरा वर्षं अंथरुणावर होती, पाठीच्या कण्याने. डोळ्यांसमोर शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी. पडल्या पडल्या ती हे घर बांधायची. खोल्या हलवायची, दारं बदलायची. एकच खिडकी कधी हलवली नाही.

८ डिसेंबर, रविवार

दादा गच्चीवर अडून बसलाय. मी बावीस अंशांवर.

२२ डिसेंबर, रविवार

परवानगी आली! नियम कड्यापासून पंचवीस मीटर सोडायचा, आमचे चाळीस. तपासायला आलेल्या सरकारी साहेबाने कड्यापासून खुंटीपर्यंत टेप लावला आणि म्हणाला, "असे अर्जदार सगळे असते तर!" खुंटीच्या मागे काय आहे ते त्यानेही बघितलं नाही.

बाबा लवकर थकतायत. जिन्यावर दोनदा थांबले. "चप्पल सैल आहे," म्हणे.

१२ जानेवारी, रविवार

जसं घडलं तसं लिहिते.

आज आखणी होती. मिस्त्री, त्याची दोन माणसं, दोरी, चुन्याची फक्की. समोरची भिंत आखली. खिडकीच्या जागी मी दोन विटा ठेवल्या. खोल्या आखल्या, अंगण आखलं, विहीर आली. मग मिस्त्री मागून ओरडला, "मॅडम, तुमचा शोषखड्डा रस्त्याच्या मधोमध येतोय. खणू?"

मला वाटलं मस्करी करतोय. गेले तर खरंच – तो डांबरावर फक्कीचा डबा घेऊन उभा, आणि एक टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

टेप लावला. खुंटी ते रस्ता : एकतीस मीटर. पुन्हा लावला. एकतीस. नकाशात बासष्ट.

"रस्ता पुढे आला का हो?" मी विचारलं. हा प्रश्न मी, सव्वीस वर्षं धंद्यात असलेल्या बाईने, मोठ्याने विचारला.

जाळेवाले काका बाजूला उभे राहून मजा बघत होते. म्हणाले, "रस्ता कशाला पुढे येईल? खुंटी मागे आलीये. खुंटीवाले दरवर्षी उपटतात आणि मागे ठोकतात की! म्हणून तर खुंटीवाले. मला वाटलं, तुम्हा मोजणीवाल्यांची काही पद्धत असेल."

मिस्त्रीने टोपी काढून डोकं खाजवलं. टेम्पोवाला तेवढा हॉर्न वाजवत राहिला.

एकतीस मीटर जमीन. मी तीन रविवार तिथे बसून झाडांचे कोन मोजत होते.

१३ जानेवारी, सोमवार

काल संध्याकाळी बाबांसमोर टेप ठेवला. त्यांनी टेपकडे बघितलं आणि चष्मा काढला.

"तुझी आई विचारायची," म्हणाले. "दर नोव्हेंबरात. किती उरलंय हो? पहिल्या वर्षी अर्धा मीटर गेलेला. साडेएकोणचाळीस सांगितलं असतं तर तिने तोच एक आकडा धरून वर्षभर पडून राहायचं. दुसरं होतं काय तिच्याजवळ?"

"मग चाळीस सांगायचे! खोटं बोलायचं, मोकळं व्हायचं!"

"वहीत खोटा आकडा?" असे दचकले, जसं काही मी त्यांना चोरी करायला सांगितलं. "माझ्या हातून आयुष्यात एक आकडा खोटा गेला नाही. खुंटी हलवायचो, मग मोजायचो. चाळीस भरायचे. मग लिहायचो."

मला हसू आलं आणि त्याच दमात ओरडावंसं वाटलं. जगात असा लबाड एकच असेल, ज्याने खोटं बोलावं लागू नये म्हणून जमीन हलवली!

"आई जाऊन चार वर्षं झाली, बाबा. त्यानंतर कोणासाठी?"

चष्मा पुसत म्हणाले, "सवय."

"दरवर्षी किती मागे घेतली? कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलं."

बाबांनी न लिहिलेलं काही या जगात असेल, यावर माझा विश्वास नाही. दुधाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा लिहून ठेवतात. पण चेहरा असा झाला होता की पुढे विचारलं नाही. मी जिभेची फटकळ. काल पहिल्यांदा ती तोंडात ठेवली.

१९ जानेवारी, रविवार

दादाला सांगितलं. आधी हसला. मग नकाशा फाडला – मूळ नव्हे, झेरॉक्स. रागातही दादा मूळ प्रत जपतो; बाबांचाच मुलगा.

"आता?"

"हे घर तिथे बांधता येणार नाही. कडा किती वेगाने येतोय तेच माहीत नाही."

"मग भिंत घाल! साबणवाल्याला घातलीस तशी!"

खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं होतं. बाबा कोपऱ्यात बसले होते. एकदम म्हणाले, "भिंत नाही." आवाज असा की दादाही दचकला. "जागा पाण्यात गेली तरी चालेल. भिंत घालायची नाही."

"का पण?"

"नाही म्हटलं ना!"

आणि उठून गेले. वहिनी म्हणाली, "काल जेवले नाहीत. आज पण नाही." दादा हळूच, माझ्याकडे न बघता, "त्यांना त्या खोलीत एक सकाळ तरी मिळेल का गं?"

गच्ची विसरला होता. माझा भाऊ वाईट नाही, फक्त मोठ्याने बोलतो.

२६ जानेवारी, रविवार

आठवडाभर झोपेत, आंघोळीत, सिग्नलला – एकच. आणि आज सुचलं. बाबांनी पंधरा वर्षं जे केलं तेच घराने करायचं!

हलकं लाकडी घर. पाया नाहीच, आखूड खांब, नटबोल्ट. प्रत्येक खोली सुटी, एकेक ओढून मागे नेता येईल अशी. कडा पुढे आला की घर मागे. एकतीस मीटर आहेत मागे. समुद्राशी भांडण नाही, त्याला वाट द्यायची. बावीस अंश तेच. खिडकी तीच. विहीर खणायची नाही, टाकी ठेवायची. आणि पहिली फक्त एक खोली – बाबांची. सुताराला फोन केला. म्हणाला, सहा आठवडे. म्हटलं, चार. म्हणाला, "मॅडम, लाकूड तुमच्या वडिलांचं ऐकत नाही."

सव्वीस वर्षांत मी या जागेसाठी... जाऊ दे. मी बरं काहीतरी केलंय.

२ फेब्रुवारी, रविवार

बाबांनी भिंगाने सगळं बघितलं. बोल्ट मोजले. "म्हणजे घरच खुंटी!" म्हणाले.

"हो."

"दरवर्षी मोजायला लागेल."

"मी मोजेन."

"टेप ढिला धरू नकोस."

दादा म्हणाला, "लोक विचारतील, घर आहे की सर्कस?" पण कोणत्या बाजूने ओढायचं, किती माणसं लागतील, हेही त्यानेच विचारलं.

९ फेब्रुवारी, रविवार

बाबा हॉस्पिटलात. छातीत पाणी. पाण्यालाही दुसरी जागा मिळाली नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

खिडकीतून हॉस्पिटलची पाण्याची टाकी दिसते. आईचीच टाकी जणू मागोमाग आली. बाबा तिच्याकडे पाठ करून झोपतात.

दुपारी डोळे उघडले. "किती आहे?"

"चाळीस, बाबा."

"खुंटी हलवलीस?"

"...नाही."

"मग चाळीस कसे? मागच्या आठवड्यात एवढा वारा होता." श्वास घ्यायला थांबले. "नुसतं खोटं बोलतेस तू. त्याला काही कष्ट लागत नाहीत."

मी पर्समध्ये टेप आहे का ते बघितलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पहाटेच गाडी काढली. टेप लावला : सदतीस मीटर वीस. खुंटी उपटली. उपटता येत नव्हती. जाळेवाले काका आले, दोघांनी मिळून उपटली. दोन मीटर ऐंशी मागे. हातोडा मारताना मनगटात जी कळ गेली – पंधरा वेळा, बाबा! त्यातली शेवटची ऐंशी ओलांडल्यावर!

पुन्हा मोजलं. टेप ताणून. चाळीस. मग तिथूनच फोन केला, वहिनीने त्यांच्या कानाला लावला.

"चाळीस."

"खुंटी?"

"हलवली."

"आता बरोबर. लिही."

इथे लिहिते : खुंटीपासून चाळीस मीटर.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बाबा गेले. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. वेळ मीच लिहून घेतली. कोणीतरी लिहायला हवी होती.

२३ फेब्रुवारी, रविवार

सुताराचा फोन. खोली तयार आहे, कुठे आणून ठेवू? दादाने फोन घेतला, म्हणाला, "थांबा जरा," आणि मोरीत जाऊन नळ सोडला.

२ मार्च, रविवार

वहिनीबरोबर बाबांचं कपाट आवरलं. मोजपट्ट्यांच्या पेटीच्या तळाशी पातळशी वही. लिहिलंच होतं! पंधरा वर्षांचे नोव्हेंबर, पंधरा आकडे, खुंटी किती मागे घेतली त्याचे. पहिली नऊ वर्षं – अर्धा मीटर, पाऊण, एक, पुन्हा पाऊण. मग एकदम चार. चार दहा. तीन नव्वद. शेवटपर्यंत तसेच.

जिथे चार सुरू होतात तिथे समासात, बारीक पेन्सिलीने :

"वरच्या अंगाची भिंत या साली पुरी. वाळू अडली. पट्टीचं काम. बक्षीस मिळालं. फार खुशीत आहे.

पट्टीला सांगू नये."